डबल बेल

अण्णांचा दिवस सांगितला की अण्णा सांगून होतात. पहाटे पावणेचारला उठायचं. चार वाजता दोन पातेली चढवायची, एक चहाचं आणि एक मांजरांचं. साडेचारला जिन्याखाली मांजरं, पाचला गल्लीच्या तोंडाशी कुत्री, सव्वापाचला आंघोळ, मग गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यांसाठी शिळ्या चपातीचा चुरा. डेपोत पहिली पाळी असली तर हे सगळं आणखी तासभर आधी. कबुतरांना मात्र दाणाही नाही. "त्यांना घालणारे दादरला गाड्या थांबवून घालतात," म्हणायचे. १९६९ साली ते बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून लागले, मे २००५ मध्ये निवृत्त झाले, आणि त्यानंतरही या वेळा कधी हलल्या नाहीत. पहिली गाडी लेट झाली की दिवसभर सगळ्याच लेट होतात, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. त्यापलीकडचं काही मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

अण्णा माझे सासरे. २००४ च्या डिसेंबरात मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले. माझं माहेर डोंबिवलीचं, शाकाहारी, आणि कुत्रं दिसलं की आम्ही बहिणी रस्ता बदलायचो. पहिल्याच पहाटे मला जाग आली ती मासळी उकळल्याच्या वासानं. दीड खोलीचं घर. वासाला जायला जागाच नाही. मी काही बोलले नाही, डोक्यावरून चादर ओढून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे वास आला नाही. उठून पाहिलं तर अण्णा गॅलरीत, कठड्याला फळ्या लावून वारा अडवलेला, आणि मध्ये रॉकेलचा स्टोव्ह फरफरतोय. डिसेंबरातली थंडी, अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. मला पाहून म्हणाले, "झोप अजून. दूध यायला वेळ आहे." त्यानंतर चाळ पडेपर्यंत ते पातेलं कधी घरात शिजलं नाही. त्याबद्दल ना मी त्यांना काही विचारलं, ना त्यांनी मला काही सांगितलं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तेवढं सांगितलं. म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी तो वास खाल्ला, तेव्हा नाही सुचलं यांना."

त्या पातेल्यात काय असायचं, तर डोकी आणि शेपट्या. बाजारात एका कोळीण मावशींशी त्यांचा जुना व्यवहार होता. गिऱ्हाइकांना मासळी कापून दिल्यावर उरलेलं ती एका पिशवीत बाजूला ठेवायची: बांगड्याची डोकी, पापलेटच्या शेपट्या, मोडलेली मांदेली. मीठ नाही, हळद नाही, नुसतं पाण्यात उकळायचं. मग खरं काम. अण्णा पाटावर बसायचे, जाड भिंगाचा चष्मा लावायचे, आणि पिवळ्या बल्बच्या उजेडात एकेक तुकडा अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून दाबत जायचे. काटा लागला की चिमटीनं ओढून वर्तमानपत्रावर. बांगड्याच्या डोक्यातली ती पातळ, धारदार हाडं ते न बघताच ओळखायचे. सगळं वेचून झालं की भातात कालवायचं आणि पुन्हा एकदा हात फिरवायचा. शेजारचे काका हसायचे, म्हणायचे, "मांजराला काटे काढून देणारा सबंध मुंबईत तू एकटाच असशील." अण्णा मान वर न करता सांगायचे, "मोठी खातात. पिल्लांच्या घशाला लागतो."

एवढं असून त्यांनी एकाही मांजराला मांडीवर घेतलेलं मी पाहिलं नाही. गोंजारणं नाही, लाडीगोडीचं बोलणं नाही, नावं तर नाहीतच. ओळख म्हणून फार तर "ती काळी", "तो लंगडा", "मागच्या पावसातली". खायला ठेवायचं आणि चार पावलं मागे जाऊन उभं राहायचं. दांडगट बोका बारक्यांना हुसकावायला लागला तरच पुढे व्हायचं. हल्ली प्राण्यांवर माया करणाऱ्यांचे फोटो इतके दिसतात की अण्णांची ही रीत सांगताना मलाच ती कोरडी वाटायला लागते. पण मांजरांची काही तक्रार नव्हती. साडेचारला पाच कमी असताना जिन्याखाली सगळी हजर असायची.

लग्नानंतर काही वर्षांनी, एका पावसाळी दुपारी तांदूळ निवडताना, आईंनी मला १९८२ सालची गोष्ट सांगितली. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. आमच्या मजल्यावरच्या बहुतेक घरांत कमावता माणूस गिरणीत, कुणी सांच्यावर म्हणजे मागावर, कुणी बदली कामगार. महिन्याच्या महिन्याला पगार येणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं एक आमचं. लोकांना वाटलं होतं महिना-दोन महिन्यांत मिटेल. मिटला नाही. दागिने गेले, भांडी गेली, बायकामुलं गावी गेली. मे महिन्यात कधीतरी अण्णा बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आले. आईंनी विचारलं, मासळी नव्हती का? मासळी होती. डोकी नव्हती. डोकी आता माणसं विकत नेत होती. आपल्याच मजल्यावरची.

अण्णांनी त्या दिवसापासून कोळणीकडे डोकी मागणं बंद केलं. मांजरांना भात आणि सुक्या जवळ्याचं पाणी, तेही आमच्या ताटातलं कमी करून. आणि घालायची जागा बदलली. जिन्याखाली नाही, तर पार मागे, सार्वजनिक संडासांच्या भिंतीआड, अंधार असतानाच. आईंनी तेव्हा विचारलं होतं, लपवायचं कशाला, चोरी करताय का? त्यावर ते म्हणाले, "उपाशी पोरासमोर मांजराला वाढायचं नसतं." आणि त्याच वर्षी आमच्या घरी रोज संध्याकाळी चार पोरं जास्त जेवायची. अभ्यासाला म्हणून यायची आणि जेवूनच जायची. अभ्यास घ्यायला अण्णांना काय येत होतं? पाढे. कंडक्टरला पाढे यायलाच लागतात.

आई हे सांगताना जराही हळव्या झाल्या नाहीत. त्यांचा सगळा राग त्या चार पोरांच्या भुकेवर होता. एकेक जण पाच-पाच चपात्या खायचा म्हणे. आईंचा स्वभावच तसा. अण्णांचं कौतुक कुणी केलं की त्या लगेच हिशेब काढायच्या. नव्या साडीचे पैसे कुत्र्याच्या औषधात गेले. गावी जायची गाडी चुकली, कारण निघताना एक पिल्लू गटारात सापडलं. सिनेमाची तिकिटं दोनदा फाडली. त्यांच्यातला एक संवाद तर चाळीत सगळ्यांना पाठ होता. आई म्हणायच्या, "आधी मांजरं, मग मी." अण्णा म्हणायचे, "अगं, मांजरं थांबत नाहीत. तू थांबतेस." यावर आई जे म्हणायच्या ते इथे लिहिता येणार नाही.

माझ्या नवऱ्याला वडिलांबद्दल बोलायला सांगितलं तर तो चाळीतल्या त्या मुलाची गोष्ट सांगतो. १९८६ चा सुमार, नवरा तेव्हा दहा वर्षांचा. गल्लीतल्या एका कुत्रीनं खालच्या मजल्यावरच्या मुलाच्या पोटरीला चावा घेतला. कुत्री अण्णांच्या खाण्यावर वाढलेली, हे सगळ्यांना ठाऊक. चाळीत आरडाओरडा. अण्णा नुकतेच पाळीवरून आलेले, खाकी अंगावरच. त्यांनी एका शब्दानं कुत्रीची बाजू घेतली नाही. पोराला नळाखाली बसवलं, साबण लावून पाय धुवायला घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाव तास धुतला. पोरगं किंचाळतंय, त्याची आई शिव्या देतेय, हे धुताहेत. मग त्याला खांद्यावर टाकून पालिकेच्या दवाखान्यात. त्या काळी रेबीजची चौदा इंजेक्शनं असत, पोटात. त्या मुलाचे वडील गिरणी बंद पडल्यापासून गावीच होते. चौदाच्या चौदा वेळा त्याला अण्णांनी नेलं, पाळ्या बदलून घेऊन. दुसरीकडे कुत्रीला दहा दिवस बांधून ठेवलं, ती जगते की मरते हे बघायला. पिसाळलेलं जनावर तेवढ्या दिवसांत मरतं, हे त्यांना परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलातून कळलं होतं. ती जगली. मुलगाही ठणठणीत राहिला. त्याची आई मात्र अण्णांशी पुढे कधीही बोलली नाही. नवरा सांगतो, "अण्णांना त्याचं वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, तिच्या जागी ती बरोबर आहे."

हे जनावरांचं हॉस्पिटल म्हणजे आमच्याकडचं बैलघोडा हॉस्पिटल. कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांचं, पण परळ-लालबागमध्ये त्या नावानं पत्ता विचारलात तर फिरत राहाल. १८८३ साली सर दिनशॉ पेटिट या पारशी गिरणीमालकानं पत्नीच्या नावानं ते उभं केलं, आणि तीन वर्षांनी परळलाच पशुवैद्यकाचं कॉलेज निघालं. बैल आणि घोडे हीच तेव्हा मुंबईची गाड्या ओढणारी शक्ती. हे मी पुस्तकात वाचण्याआधी अण्णांनी माझ्या मुलांना सांगताना ऐकलं. नातवाला आणि नातीला घेऊन ते तिथे कुठल्या ना कुठल्या जखमी जनावरासोबत जायचे, आणि बाकावर नंबर येईपर्यंत गोष्टी चालायच्या. मुंबईत १८७४ साली पहिली ट्राम आली ती घोड्यांची, विजेची ट्राम आली १९०७ मध्ये. म्हणजे तीसेक वर्षं आपली कंपनी घोड्यांच्या जिवावर चालली, असं ते सांगायचे. बेस्टचा उल्लेख कायम "आपली कंपनी". घोडा पावसात घसरून पडला की त्याला इथे आणायचे, असं पुढे रचून सांगायचे. ते खरं की त्यांच्या मनातलं, हे विचारायचं मुलांना कधी सुचलं नाही, आणि मलाही.

कुत्र्याजवळ कसं जायचं हेही मुलं तिथल्याच बाकावर शिकली. समोरून जायचं नाही, बाजूनं जायचं. डोळ्यांत बघायचं नाही. उभं राहून वाकायचं नाही, आधी बसायचं. मूठ मिटून खाली धरायची, हुंगू द्यायची, आणि त्यानं तोंड फिरवलं तर आपण उठायचं. त्याची इच्छा नाही. जेवणाऱ्याला हात लावायचा नाही. मी या वाक्याला नेहमी पुस्ती जोडायचे, "माणसांनासुद्धा." कारण नातू जेवताना अण्णा सतत त्याच्या ताटात हात घालायचे. माझ्या शाकाहारी पोटी जन्मलेलं पोर आजोबांच्या संगतीनं बांगडा खायला लागलं होतं, आणि त्याच्या ताटातला प्रत्येक घास त्याच दोन बोटांमधून तपासून जात होता. नातू बारा वर्षांचा झाला तरी.

२०१७ मध्ये राणीच्या बागेत पेंग्विन बघायला उघडले तेव्हा नात हट्टाला पेटली. रांगेत तास गेला. आत गेल्यावर मुलं काचेला नाक लावून उभी. अण्णांनी ते थंडगार दालन एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "छत्तीस वर्षं नोकरी केली, आम्हाला पंखा नव्हता." मग बाहेर येऊन बाकावर बसले आणि लोकांनी टाकलेले वेफर्स खाणाऱ्या एका मांजराकडे बघत राहिले. त्यांना दक्षिण कोरियातल्या सोलहून आलेल्या त्या पेंग्विन पाहुण्यांपेक्षा त्याची काळजी जास्त. मीठ असतं ना त्यात.

२६ जुलै २००५ च्या दिवशी ते निवृत्त होऊन दोनच महिने झाले होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हा आकडा नंतर कळला. त्या दुपारी आम्हाला फक्त हिंदमाताकडून चढत येणारं पाणी दिसत होतं. नवरा अंधेरीला कामावर, फोन बंद. अण्णांनी जुनी खाकी पँट चढवली आणि गल्लीतली कुत्री एकेक करून उचलून दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर आणून ठेवली. एरवी ज्यांचा आक्षेप असायचा त्यांनीच त्या रात्री गोणपाटं काढून दिली. संकटात माणसं चांगली वागतात, हा अनुभव मुंबईत नवा नाही. ती दुसऱ्या आठवड्यात पुन्हा भांडायला लागतात, हाही नाही. अण्णा रात्रभर जिन्यात बसून राहिले. कुत्री बिथरतील म्हणून, असं सांगून. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा गुडघ्यापर्यंत चिखलात चालत आला, तेव्हा ते उठले, म्हणाले, "आलास? जेवून घे," आणि झोपायला गेले. आई त्या वेळी मला हळूच म्हणाल्या, "कुत्र्यांसाठी नव्हते बसले."

२०११ मध्ये चाळ पुनर्विकासाला गेली. बिल्डरच्या भाड्यात आम्हाला भांडुपला जागा मिळाली. लालबागच्या सगळ्या घरांची अशीच पांगापांग झाली. कुणी मुलुंडला, कुणी कळव्याला. माणसांना भाडं मिळालं. मांजरांना कोण देणार? चाळ पाडली, भोवती पत्रे ठोकले, आणि मांजरं त्या पत्र्यांच्या आत, मोडक्या भिंतींमध्ये तशीच राहिली. मांजर माणसाला नाही, जागेला धरून असतं. अण्णा भांडुपहून पहाटेची स्लो पकडून करी रोडला उतरायला लागले, हातात स्टीलचा उभा डबा. वॉचमननं पहिल्यांदा हाकललं. पुढे त्याच वॉचमननं पत्र्याचा एक कोपरा वाकवून ठेवला, बरोबर अण्णांचा हात आत जाईल एवढा. आम्ही सगळे सांगून थकलो. वय बघा, गर्दी बघा. त्यांचं उत्तर ठरलेलं, "पहाटेच्या गाडीला गर्दी नसते."

आणि मग २०१५ मध्ये आईंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं, गिळायला त्रास. हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशी अण्णांनी वॉचमनला फोन लावला, महिन्याचे पैसे ठरवले, मावशीला त्याच्याकडे पिशवी पाठवायला सांगितलं. आणि पहाटेची गाडी बंद केली. कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही एक बाई ठेवायचं बोलत होतो, त्यावर ते म्हणाले, "ठेवा. दुपारी ठेवा. सकाळ माझी." चार वाजताच उठायचे. आईंची कूस बदलायची, पाठ पुसायची, डाव्या हाताच्या मुठीत चेंडू देऊन तो दाबायला लावायचा, मग केस विंचरून वेणी. वेणी घालायला ते नातीकडून शिकले. पहिले काही दिवस तीन पेडांची दोनच व्हायची. डॉक्टरांनी मऊ खायला सांगितलं होतं आणि आईंना मासे सोडवेनात. म्हणून पुन्हा तो पाट, तो चष्मा, ती चिमटी. कालवलेल्या भातातून दुसऱ्यांदा हात फिरवणंसुद्धा तेच. आई एकदा घास गिळून तुटक तुटक म्हणाल्या, "आता… मांजरं… थांबतात वाटतं." अण्णा ताटाकडे बघत हसले. मी त्यांना फार वेळा हसताना पाहिलेलं नाही.

२०१८ मध्ये आम्ही परत लालबागला आलो. पंधरावा मजला, लिफ्ट, गॅलरी नाही. जुन्यांपैकी मोजकीच मांजरं उरली होती. व्हीलचेअर खिडकीशी लावली की आईंना लांबवर बंद गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर दिसायचे आणि त्या प्रत्येक टॉवरला नावं ठेवायच्या. अण्णा दिवसातून दोनदा खाली. शिवाय त्यांना एक नवं काम मिळालं. पावसात पार्किंगमधल्या गाड्यांच्या बॉनेटखाली, इंजिनाच्या उबेला, मांजरं शिरून बसतात. अण्णा सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या आधी खाली जाऊन प्रत्येक बॉनेटवर दोन थापा मारायचे. एका महागड्या गाडीचा तरुण मालक वैतागला, "काका, पेंट जातो!" दुसऱ्या दिवसापासून अण्णा वर्तमानपत्राच्या घडीनं थापा मारायला लागले.

तक्रारी सुरू झाल्या त्याही इथेच. चाळीत लोक तोंडावर भांडायचे. इथे ग्रुपवर फोटो पडायचे. कुत्र्यांना घालणाऱ्यांमुळे कुत्री वाढतात, मुलांना भीती वाटते, घाण होते. यातलं सगळंच खोटं नाही, आणि अण्णांनी ते कधी खोटं म्हटलंही नाही. म्हणून तर ते गल्लीतल्या प्रत्येक कुत्रीच्या नसबंदीसाठी संस्थेच्या गाडीची वाट बघत उभे राहायचे, आणि ती नसबंदीची खूण म्हणून कानाला कातर घेऊन परत आली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायचे. त्यांच्या तरुणपणी पालिकेची गाडी कुत्री न्यायची ती परत आणत नसे. ते त्यांनी पाहिलेलं होतं. तसं हे भांडण मुंबईला जुनंच आहे. १८३२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला तेव्हा फोर्टात दंगल झाली होती, पारशी लोक रस्त्यावर उतरले होते. आणि दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभी राहिली. म्हणजे आमच्या सेक्रेटरींना वाटतं तसं हे आमच्या सोसायटीपासून सुरू झालेलं नाही.

अण्णा २०२४ च्या फेब्रुवारीत गेले. चार दिवसांचा ताप, मग न्यूमोनिया. दहाव्याला बाणगंगेवर कावळा शिवला का, हे मला पुष्कळ जणांनी डोळे मोठे करून विचारलं. शिवला, लगेच. त्यात गोष्ट करण्यासारखं काही नाही. बाणगंगेचे कावळे सराईत आहेत. पण तेराव्याला एक म्हातारे ड्रायव्हर काठी टेकत आले. अण्णांबरोबर डबलडेकरवर होते. त्यांनी सांगितलं, डेपोत पहाटे गाड्यांखाली कुत्री झोपलेली असायची. अण्णा आले की आधी गाडीच्या पत्र्यावर तळव्यानं दोन थापा मारायचे, मग वाकून मागची दोन्ही चाकं बघायचे, आणि मगच वर चढून दोरी ओढायचे, दोनदा. "त्यांची डबल बेल झाल्याशिवाय मी स्टार्टरला हात लावत नव्हतो," ते म्हणाले. म्हणजे पार्किंगमधल्या त्या थापा कुठून आल्या होत्या, ते आम्हाला तेव्हा कळलं.

भेटायला येणारे मोठमोठं बोलत होते. देवमाणूस, संतमाणूस. आई ऐकून घेत होत्या. सगळे गेल्यावर अडखळत म्हणाल्या, "चांगले होते, चांगले होते… चांगलं असायला काय लागतं? ते वेळेवर होते."

आता पहाटेचं काम माझा नवरा करतो, संध्याकाळचं नात. नवऱ्याला उठायला पाच वाजतात आणि मांजरं त्याला तसं ऐकवतात. काटे काढणं माझ्याकडे आलं आहे. घरी गॅलरी नसल्यामुळे वास घरातच फिरतो, आणि मी अजूनही मासे खात नाही, एवढं नोंदवून ठेवते. मावशीची सून आता पिशवी ठेवते. तिनं पैसे वाढवलेत.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा आहे आणि विषयपत्रिकेवर चौथा विषय भटक्या प्राण्यांना खाणं घालण्याचा. मी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांची प्रत काढून आणली आहे. त्यात लिहिलंय की सोसायटीनंच खाणं घालायची जागा ठरवून द्यायची, मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यांपासून, येण्या-जाण्याच्या वाटेपासून लांब, वेळ ठरवायची, आणि घालणाऱ्यानं घाण करायची नाही. अण्णांनी हे नियम वाचले नव्हते. जागा, वेळ आणि झाडू, तिन्ही त्यांनी आपापली ठरवलेली होती. मागच्या कंपाउंडच्या भिंतीजवळची, जनरेटरच्या पलीकडची ती जागा नकाशावर खूण करून मी मांडणार आहे. नवरा म्हणतो, शांतपणे बोल. सेक्रेटरी म्हणतात, विषय भावनिक करू नका. आई म्हणतात व्हीलचेअर लिफ्टमध्ये नीट मावते, मला खाली ने. मांजरांसाठी नाही, सेक्रेटरीला दोन शब्द सांगायचे राहिलेत.